तीन खड्यांची अंगठी

एकाच कड्यावर तीन खडे ओळीने बसवलेली अंगठी. बहुधा मधला खडा थोडा मोठा आणि दोन बाजूंचे त्याहून लहान, एकमेकांना जोड असलेले. काही अंगठ्यांत तिन्ही एकाच मापाचे. इंग्रजी व्यापारात हिला ‘ट्रिलजी’ किंवा ‘ट्रिनिटी’ अंगठी म्हणतात. शंभर वर्षांहून जुना दागिना तो ‘अँटिक’ असा व्यापारी संकेत आहे. त्या वर्गात आज दिसणाऱ्या अशा अंगठ्या मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या (१८३७–१९०१) आणि सातव्या एडवर्डच्या (१९०१–१९१०) काळातल्या असतात. ठुशी, नथ, पाटल्या, बोरमाळ यांच्यासारखा हा घाट सोलापूरच्या सराफ कट्ट्यावर घडलेला नाही. तो विलायतेचा आहे, पण त्याचा अर्थ इथल्या माणसाला परका वाटत नाही.

भूत, वर्तमान आणि भविष्य असा तीन खड्यांचा अर्थ आज सर्रास सांगितला जातो. या अर्थाचा मोठा प्रसार डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीने २००१ मध्ये केलेल्या जाहिरातींमुळे झाला. घाट मात्र त्याहून कितीतरी जुना. व्हिक्टोरियन काळात अंगठीतून बोलण्याच्या इतरही रीती होत्या. एका प्रसिद्ध रीतीत खड्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जुळवून माणिक (रूबी), पाचू (एमराल्ड), गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा (डायमंड) यांतून ‘रिगार्ड’, म्हणजे आदर, हा शब्द लिहिला जाई. त्यामुळे जुनी तीन खड्यांची अंगठी दाखवून ‘ती घडवणाऱ्याच्या मनात हेच तीन काळ होते’ असे सांगणे बरोबर नाही.

मराठी घरात तीन हा आकडा दोन्ही बाजूंनी बोलतो. साखरपुड्याला तीन खडे म्हटले की ‘तीन तिगाडा, काम बिगाडा’ कोणाच्या तरी ओठावर येतेच. पण ज्या शहराचे ग्रामदैवत सिद्धेश्वर आहे, तिथे पिंडीवरचे बेलाचे पान त्रिदल असते, कपाळावरच्या भस्माच्या रेघा तीन असतात आणि जवळच्या अक्कलकोटला दत्तभक्तांची रीघ असते. त्रिकाळ हा शब्द तर रोजच्या पूजेतला. म्हणून ‘काल, आज, उद्या’ हा अर्थ जाहिरातीतून आला असला तरी तो इथे लगेच रुजतो, आणि लग्न जुळवताना तो मनापासून सांगणाऱ्याला खोटे ठरवण्याचे कारण नाही.

जुन्या अंगठीचे खरे सौंदर्य भिंगाखाली उलगडते. हिऱ्याला पैलू पाडण्याच्या दोन जुन्या पद्धती त्यात दिसतात. ओल्ड माइन कटचा हिरा चौकटीकडे झुकणाऱ्या गोल आकाराचा, उंच माथ्याचा. ओल्ड युरोपियन कट गोल. दोन्हींत वरचा सपाट पैलू लहान असतो आणि खालचे टोक थोडे छाटलेले असते, त्यामुळे वरून पाहताना हिऱ्याच्या मधोमध बारीक वर्तुळ दिसते. पैलू मोठे असल्याने मंद उजेडात चमक ठळक, सावकाश पडते. गोल हिऱ्याच्या पैलूंचे गणित मार्सेल तोल्कोव्हस्कीने १९१९ मध्ये मांडले. त्याआधीचा कारागीर मूळ खड्याचे वजन राखत, नजरेने पैलू पाडी. म्हणूनच बाजूचे दोन खडे सहसा तंतोतंत सारखे नसतात. तो दोष नव्हे, हाताची खूण आहे. व्हिक्टोरियन अंगठीत खड्यांखालची सोन्याची पट्टी कोरीव असते आणि खड्यांमधल्या फटींत कधी कधी बारीक रोझ कट (तळ सपाट, माथा घुमटासारखा) हिरे बसवलेले असतात. एडवर्डच्या काळात प्लॅटिनम आले आणि कोंदण नाजूक झाले. हिरे मुबलक झाले ते दक्षिण आफ्रिकेत १८६७ पासून सापडू लागल्यावर. माणिक असेल तर मात्र जपून पाहावे, कारण व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि जुन्या अंगठीतला खडाही कृत्रिम असू शकतो.

काळजीच्या दोन गोष्टी सोलापूरकरांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. १८३७ च्या आधीच्या बऱ्याच अंगठ्यांत खडा मागून बंद असतो आणि आपल्या कुंदनकामासारखा त्याखाली डांक, म्हणजे चकाकीसाठी लावलेला धातूचा पातळ पत्रा, असतो. रिठ्याच्या पाण्यात दागिने धुण्याची आपली सवय अशा अंगठीला मारक ठरते; पाणी आत शिरले की डांक काळवंडतो आणि खडा कायमचा निस्तेज दिसतो. दुसरी गोष्ट ओपल या रंगांची झाक मारणाऱ्या खड्याची. या खड्यात मुळातच पाणी असते, आणि इथल्या कोरड्या उन्हाळ्यात तापलेल्या कपाटात तो राहिला तर त्याला बारीक भेगा पडू शकतात.

सर्वांत मोठा धोका मोडीचा. जुना दागिना मोडीला गेला की खडे काढले जातात, त्यांचे वजन वजा होते आणि उरलेल्या सोन्याचा टंच, म्हणजे शुद्धता, पाहून भाव ठरतो. बावीस कॅरेटची सवय असलेल्या नजरेला आतला ‘१५’ हा छाप कमी कसाचा वाटतो, आणि साडेबासष्ट टक्के सोने म्हणून तो तसा आहेही. पण ब्रिटनमध्ये पंधरा कॅरेटचा हा दर्जा १८५४ ते १९३२ एवढ्याच काळात चालला. ज्या आकड्यामुळे अंगठीचा भाव उतरतो, तोच तिचे वय सांगतो. म्हणून मोडीला देण्यापूर्वी कड्याची आतली बाजू भिंगाने वाचावी, आणि अंगठी उलटी करून तिन्ही खड्यांमागची छिद्रे पाहावीत. हाताने कापलेली छिद्रे एकमेकांशी जुळत असतील आणि एखादे मध्येच गुळगुळीत, नव्या कापाचे नसेल, तर तिन्ही खडे पहिल्यापासून एकत्र असण्याची शक्यता मोठी.