आखूड नळीची किंमत

खडकीच्या कारखान्यात १८६९ सालापासून लष्करासाठी काडतुसं बनतात. तिथल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे .३०३ बोअरच्या लष्करी रायफलीच्या काडतुसाच्या, रिकाम्या पुंगळीचं बूड उजेडात धरलं की पितळेवर ‘के’ आणि ‘एफ’ ही दोन रोमन अक्षरं दिसतात. किर्की फॅक्टरी, म्हणजे इंग्रजांच्या तोंडची खडकी. देशोदेशीचे जुन्या बंदुकांचे संग्राहक हा ठसा लगेच ओळखतात. पुण्यात तो फारसा कुणाला माहीत नसतो, याची मला खरोखर रुखरुख वाटते.

या जुन्या लष्करी बंदुकांमध्ये मला सर्वांत जास्त ओढ आहे ती कार्बाइनची. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी रायफल. मुळात ती घोडेस्वारासाठी आली, कारण धावत्या घोड्यावर लांब नळी सांभाळणं अवघड. पुढे तोफखान्यातले, वाहनांवरचे, दाट रानात लढणारे सैनिक तीच मागू लागले. नळी छाटली की वजन उतरतं, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

काडतुसातली दारू पेटली की तिचा वायू गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत नेतो. नळी आखूड असली तर हे ढकलणं अर्धवट राहतं. गोळीचा वेग घटतो. वायूचा दाब मात्र अजून पुरता उतरलेला नसतो, त्यामुळे तो तोंडाशी भडकतो आणि कानठळ्या बसवतो.

हे सगळं एकाच बंदुकीत पाहायचं असेल तर ब्रिटिशांची १९४४ची ‘नंबर ५’ ली-एनफील्ड पाहावी. तिलाच जंगल कार्बाइन म्हणतात. ‘नंबर ४’ रायफलची ६४० मिलिमीटरची नळी हिच्यात ४७८ मिलिमीटरवर आली आणि वजन ४.१ किलोवरून सुमारे ३.२ किलोवर. तोंडाशी नरसाळ्यासारखा भाग दिसतो, तो ज्वाळ झाकण्यासाठी. नळीच्या मागच्या जाड भागावर खाचा कोरून जिथून जमेल तिथून पोलाद काढलं आहे. दस्त्याच्या टोकाला रबराची गादी आहे, कारण काडतूस तेच थ्री-नॉट-थ्री आणि बंदूक हलकी. गोळीचा संवेग तेवढाच धरला तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणजे इथे सव्वापटीहून थोडी जास्त. गंमत अशी की ही गादी दस्त्यापेक्षा अरुंद ठेवली गेली, त्यामुळे तो धक्का खांद्याच्या कमी जागेत एकवटला. आता तर वयोमानाने तिचं रबर दगडासारखं टणक झालेलं असतं. आज जुळवलेला नेम उद्या सरकतो, अशीही सैनिकांची तक्रार होती. तिच्या कारणावरून जाणकार अजून भांडतात. १९४७ मध्ये उत्पादन थांबलं.

अमेरिकेने १९४१ मध्ये वेगळा विचार केला. मोठं काडतूस लहान बंदुकीत कोंबण्याऐवजी काडतूसच लहान केलं. त्यांच्या एम-१ कार्बाइनची गोळी ७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर, ऊर्जा १३०० ज्यूलच्या आसपास. थ्री-नॉट-थ्रीची ऊर्जा ३१०० ज्यूलच्या घरात जाते. पण एम-१चं वजन जेमतेम २.४ किलो! अशा ६० लाखांहून जास्त बंदुका तयार झाल्या. बनवणाऱ्यांत टाइपरायटरवाली अंडरवुड होती, आयबीएम होती आणि ज्यूकबॉक्सवाली रॉक-ओलासुद्धा. पोलादावरचा कंपनीचा ठसा शोधणं हा संग्राहकांचा आवडता उद्योग. आपल्या पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने अलीकडच्या कार्बाइनसाठी ५.५६ × ३० मिलिमीटरचं आखूड काडतूस घेतलं, त्यामागे हाच विचार दिसतो.

पण मला सर्वांत मोह पडतो तो पितळेच्या एका जुन्या कोड्याचा. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. कुणी हात लावलेला नसे, तरी पुंगळी चिरलेली. उत्तर १९२१ मध्ये नीट मांडलं गेलं. थंड पितळ साच्यातून ओढून पुंगळी करताना तिच्या अंगात ताण उरतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला नेमका धातूच्या सूक्ष्म स्फटिककणांमधल्या सीमांवर पोखरतो. उपाय साधा निघाला: पुंगळी बेताने तापवून ताण सैल करायचा. लष्करी काडतुसाच्या गळ्याशी दिसणारी निळसर-तपकिरी झाक ही त्या शेकाची खूण. बरेच जण तिला डाग समजून घासून काढतात, तेव्हा जीव हळहळतो.

नळीच्या आतही रसायनशास्त्राचा खेळ चालतोच. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडाशी असलेल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, मिठाचंच भावंड. ते हवेतलं पाणी ओढतं आणि पोलाद गंजवतं. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून सैनिक गोळीबारानंतर आधी नळीत उकळतं पाणी ओतत, मग कोरडी करून तेल लावत. एम-१ची वायूवर चालणारी यंत्रणा छावणीत सहज उघडता येत नसे, त्यामुळे तिच्यासाठी पहिल्यापासूनच न गंजवणारे प्राइमर वापरले गेले.

आपल्याकडे संग्रहाचं क्षेत्र मर्यादित आहे आणि ते योग्यच आहे. थ्री-नॉट-थ्री सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) मोडते. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या ४५व्या कलमात जुनाट शस्त्रांना सूट आहे, पण दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशांनाच. वाड्यातल्या माळ्यावर आजोबांची बंदूक सापडली तर ती या सवलतीत बसते असं आपणच ठरवू नये, पोलिसांच्या परवाना शाखेत विचारावं. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि मग ती परदेशी पाठवता येत नाही.

वस्तू कायदेशीरपणे आपल्याकडेच राहणार असेल, तर पुण्याच्या पावसाळ्यात तिला चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडं ओल धरतं. लाकडाला जवसाचं तेल, अगदी पातळ हात. पोलादावरचा काळसर थर हा गंज नव्हे, तो दाट ऑक्साइड आहे आणि खालच्या धातूला जपतो. लाल, भुसभुशीत गंज तेवढा तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने हळूहळू उचला. पॉलिश पेपर तर मुळीच लावू नका, कारण त्याने गंजाबरोबर कारखान्याचे ठसेही जातात आणि ती बंदूक कुठली, कोणत्या सालची, हे पुढे कुणालाच वाचता येत नाही.