फॉक्सप्रोचा प्रोग्राम वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

फोंड्यातली औषधाची दुकानं असोत की डिचोलीतली पतसंस्था, तुमचा हिशेबाचा प्रोग्राम ज्या भाषेत आहे त्या फॉक्सप्रोबद्दल आमच्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "ही भाषा बंद झाली म्हणतात, मग आमच्या हिशेबाचं काय?"

मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं मार्च २००७ मध्ये जाहीर केलं आणि जानेवारी २०१५ मध्ये तांत्रिक मदतही बंद केली. हे खरं आहे. पण कंपनीने हात काढला म्हणून चालता प्रोग्राम थांबत नाही. शेवटची आवृत्ती, व्हिज्युअल फॉक्सप्रो ९, आजच्या विंडोज ११ वरही चालते. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तुमची बिलं आम्ही याच भाषेत बदलून दिली.

भाषा जिवंत राहिली ती वापरणाऱ्यांमुळे. जगभरच्या फॉक्सप्रोवाल्यांचा व्हीएफपीएक्स नावाचा सामायिक प्रकल्प आहे. तिथली अवजारं फुकट मिळतात आणि सुधारतही राहतात. स्क्रीन आणि रिपोर्टच्या फाइली साध्या मजकुरात उतरवणारं फॉक्सबिनटूपीआरजी आम्ही रोज वापरतो. त्यामुळे तुमच्या प्रोग्राममध्ये कधी काय बदललं ते आम्हाला दाखवता येतं. दोष सापडला तर आम्ही तिथे कळवतो, दुरुस्ती जमली तर तीही पाठवतो. नव्या मुलांनाही जुन्या बिलिंगवरच हात बसवायला देतो, कारण उद्या तुमचा फोन उचलणारं कोणीतरी असायला हवं.

आता ज्यासाठी हे पत्रक काढलं ते. आमचा सर्वात जास्त वेळ खातो तो अर्धवट बॅकअप.

एका टेबलाच्या (म्हणजे ग्राहक, बिलं अशा एका यादीच्या) बहुतेक वेळा तीन फाइली असतात: डीबीएफ (मुख्य नोंदी), एफपीटी आणि सीडीएक्स. विंडोज नावाची शेवटची अक्षरं लपवतो, म्हणून एकाच नावाच्या तीन फाइली दिसतात. त्यातल्या दोन जास्तीच्या वाटतात आणि पेनड्राइव्हवर एकटी डीबीएफ जाते. सीडीएक्स म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची. ती हरवली तर आम्ही पुन्हा बांधतो. एफपीटीत मात्र शेरे, मोठे पत्ते, डॉक्टरांच्या सूचना असा लांब मजकूर असतो. डीबीएफमध्ये त्याची फक्त जागा लिहिलेली असते. एफपीटी नसेल तर टेबल उघडतच नाही. जुनी एफपीटी नव्या डीबीएफशेजारी ठेवली तर एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावापुढे येऊ शकतो. हे लगेच लक्षात येत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

म्हणून फाइली निवडू नका. सगळ्या काँप्युटरवरचा प्रोग्राम बंद करा आणि डेटाचं अख्खं फोल्डर उचला. एका काउंटरवर बिल चालू असताना घेतलेली कॉपी भरवशाची नसते. पावसाळ्यात लाइट जाते, तेव्हा निदान डेटा असलेल्या मशीनला यूपीएस हवाच.

एरर आली तर 'रीइंडेक्स' (सूची पुन्हा बांधणारं बटण) पुन्हा पुन्हा दाबू नका, जुना बॅकअप त्यावर ओतू नका. काम थांबवून आम्हाला फोन करा. आम्ही आधी बिघडलेल्या फाइलींची नक्कल घेतो आणि मगच हात लावतो. अर्धा दिवस जातो, ग्राहक वैतागतात, तरी आम्ही हे सोडणार नाही. टेबलाचं शीर्ष, म्हणजे किती नोंदी आहेत ते लिहिलेला फाइलीचा सुरुवातीचा भाग, घाईत दुरुस्त करायला गेलं तर शेवटच्या नोंदी कायमच्या जाऊ शकतात.

फॉक्सप्रोच्या एका फाइलला २ जीबीची मर्यादा आहे. मोठ्या पतसंस्थांचा डेटा त्याआधीच आम्ही एसक्यूएल सर्व्हर किंवा मारियाडीबी या मोठ्या डेटाबेसवर हलवतो. स्क्रीन तेच राहतात, तुमच्या माणसांना नव्याने शिकावं लागत नाही. वार्षिक देखभालीत फाइलींचा आकार तपासणं, बॅकअप एकदा खरोखर उघडून पाहणं आणि रोजच्या कॉपीचं बटण बसवणं येतं. करार नसलेल्या ग्राहकांनाही बटण बसवून देतो, फक्त ३१ मार्चच्या आठवड्यात बोलावू नका.