टेफ्लॉन टेप नळाला ठीक, विमानाला नको

नळ ठिबकला की प्लंबर आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतो. त्यामुळे जोड गळतोय म्हणजे टेप कमी पडली, असं आपल्याला वाटतं. छोट्या विमानाच्या, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकला हा हिशेब लागू पडत नाही.

तिथे जोड दोन प्रकारचे असतात. पहिल्यात नळीचं टोक सनईच्या तोंडासारखं उमलवतात आणि ते ३७ अंशांच्या शंकूवर नटाने दाबून बसवतात. तेल अडतं ते शंकूवर. आट्या फक्त दाबायचं काम करतात. म्हणून तिथे टेपही नको, पेस्टही नको. मोटारीच्या वर्कशॉपमधलं ४५ अंशांचं हत्यार इथे वापरलं, तर कितीही आवळा, जोड गळणारच.

दुसरा प्रकार मला जास्त आवडतो : निमुळत्या आट्या. १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने घटतो, म्हणजे फिरवत गेलं की पाचर ठोकल्यासारखी पकड बसते. पण एका आटीचा माथा दुसरीच्या खोबणीत तंतोतंत टेकत नाही. मधे बारीक फट राहते, आणि आट्यांबरोबर गोल फिरत ती चक्री जिन्यासारखी थेट बाहेर निघते. दाबाखालचं तेल तोच जिना धरतं. तो बुजवायला पेस्ट हवी, तीही पहिली एक-दोन आटी कोरडी सोडून. टेपचे तुकडे आत निसटतात. एखादा मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे पॅडलजवळच्या तेल ढकलणाऱ्या पंपाच्या, परतीच्या छिद्रात बसला, तर पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. शिवाय टेप गुळगुळीत. हात जास्त आवळतो आणि पाचरीने चाकाजवळचं ॲल्युमिनियमचं कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा चिमटा, तडकतं.

२०१९च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समध्ये राफेल लढाऊ विमानाच्या पूजेत चाकांखाली लिंबं ठेवली होती. लिंबाने चाकाचं भलंही होत नाही, बुरंही नाही. चुकीच्या तेलाने मात्र ब्रेकचं बुरं होतं. या ब्रेकमध्ये सहसा ५६०६ क्रमांकाचं लाल खनिज तेल आणि नायट्राइल रबराच्या ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणाऱ्या गोल कड्या, असतात. मोटारीतलं ग्लायकॉलवालं ब्रेक ऑइल त्यांना चालत नाही. उलट मोटारीच्या ईपीडीएम रबराला हे लाल तेल लागलं की ते फुगतं.

राहिली हवा. हवेच्या वीसपट दाबाखाली तेल हजारात एक-दीड भागच आकसतं, पण १ घन सेंटीमीटरचा बुडबुडा विसाव्या हिश्शावर येतो. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २ चौरस सेंटीमीटर धरलं, तर जवळजवळ अर्धा सेंटीमीटर चाल बुडबुडा दाबण्यातच जाते. पॅडल स्पंजासारखं लागतं ते यामुळे. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-७ए सारख्या, सुटे भाग आणून स्वतः जोडायच्या किट-विमानांत पुढचं चाक मोकळं फिरतं आणि धावपट्टीकडे जाताना वळायचं ते डाव्या-उजव्या ब्रेकनेच. एकाच बाजूला हवा राहिली तर विमान भलतीकडेच निघतं.

बुडबुडे वर चढतात, म्हणून तेल चाकाकडून वर ढकलतात. टाकीत बुडबुडे थांबले की पॅडल दाबून धरायचं आणि प्रत्येक जोडाभोवती पांढरं कापड फिरवायचं. तेल मुद्दाम लाल रंगवलेलं असतं.