पेपर कुणाच्या खात्यावर?

एक प्राध्यापिका आहे असं समजू. एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात तिने वीस वर्षं काढली, चाळीस पेपर, म्हणजे शोधनिबंध लिहिले, त्यातले सहा-सात चांगले गाजले. मग दुसऱ्या विद्यापीठाने जास्त पगार देऊ केला आणि ती तिकडे गेली. आता हे चाळीस पेपर कुणाचे? ते लिहून झाले त्या विभागाचे, की आज तिच्या खोलीच्या दारावर ज्याची पाटी आहे त्या विभागाचे?

प्रश्न वकिली वाटेल. पण संशोधनावरून अर्थशास्त्र विभागांचे क्रम लावायला जो कुणी बसतो, त्याला याचं उत्तर आधी द्यावं लागतं. उत्तर बदललं की यादी बदलते. अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी साठा आणि प्रवाह यांतला फरक शिकवतात: टाकीत पाणी किती आहे हा साठा, नळातून तासाला किती पडतं हा प्रवाह. आज विभागात असलेल्या माणसांचं आजवरचं सगळं काम मोजलं, तर तो साठा झाला. विभागाचं नाव छापून गेल्या पाच-दहा वर्षांत जे प्रसिद्ध झालं, तो प्रवाह. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आज तिथे कोण बसलंय हे कळायला हवं, त्यामुळे साठा त्याच्या कामाचा. अनुदान देणाऱ्याने मात्र प्रवाहाकडे पाहावं, कारण साठा एका रात्रीत विकत घेता येतो.

दोन्ही प्रकारच्या याद्या प्रचलित आहेत. 1997 साली सुरू झालेला ‘रेपेक’ हा अर्थशास्त्रातल्या लेखनाचा प्रचंड सूचिप्रकल्प, मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा. त्यात लेखक स्वतः नाव नोंदवतात, आपले पेपर ‘हे माझे’ म्हणून निवडतात आणि सध्या कुठे आहोत तेही सांगतात. माणूस हलला की त्याचं सगळं काम त्याच्या मागोमाग नव्या पत्त्यावर जातं. एखाद्या विभागातल्या निम्म्या लोकांनी नोंदणीचा कंटाळा केला, तर त्या विभागाचं निम्मं काम यादीपुरतं अदृश्य. उलट कलैत्झिडाकिस, मामुनेआस आणि स्टेंगोस या तिघांनी 2003 मध्ये जगभरच्या विभागांची जी यादी केली, तिच्यात पेपरवर छापलेला पत्ता धरला होता. तिथे आपली प्राध्यापिका कुठेही गेली तरी जुने पेपर जुन्या घरीच राहतात.

त्या तिघांनी पेपर मोजले नाहीत, पानं मोजली. तीही सगळ्या जर्नलांची, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांची पानं ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’च्या पानाच्या आकारात बदलून. हसू येतं खरं, पण त्यामागे तर्क आहे: दोन पानी टिपण आणि चाळीस पानी सिद्धांत एकाच मापाने कसे मोजायचे? तरी आज पानं मोजणं मला धाडसाचं वाटतं. डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी 2013 मध्ये दाखवलं की आघाडीच्या जर्नलांमधले पेपर 1970च्या दशकातल्या पेपरांच्या सुमारे तिप्पट लांब झाले आहेत. ज्ञान तिप्पट झालं असेल असं छातीठोकपणे कोण म्हणेल?

ही आघाडीची जर्नलं पाच. क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स, जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू, इकॉनोमेट्रिका आणि रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक स्टडीज. या व्यवसायात त्यांना नुसतं ‘टॉप फाइव्ह’ म्हणतात आणि नेमणुका, बढत्या त्यांवर हलतात. 1970च्या दशकाच्या शेवटी या पाचांत मिळून वर्षाला सुमारे 400 पेपर छापले जात. 2012च्या सुमारास 300च. पाठवणारे मात्र वाढतच गेले, त्यामुळे स्वीकाराचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 6 टक्क्यांवर आलं. इतक्या अरुंद दारातून कोण आत गेलं, यावरून विभागाचा क्रम लावायचा, तर एखाद-दुसऱ्या पेपरनेही यादीचा मधला भाग हलतो.

मग जर्नलचं वजन ठरवायचं कसं? सोपं उत्तर म्हणजे त्यातल्या पेपरांना इतरांनी किती वेळा संदर्भ म्हणून घेतलं, म्हणजे सायटेशन किती, हे मोजा. पण वजनदार जर्नलमधलं सायटेशन आणि कुणी न वाचणाऱ्या जर्नलमधलं सायटेशन सारखंच कसं धरणार? वजन सायटेशनवरून काढायचं, आणि सायटेशनची किंमत वजनावरून. वर्तुळ पूर्ण.

गंमत म्हणजे हे वर्तुळ सुटतं. अ, ब, क अशी तीन जर्नलं घ्या. अ आपली निम्मी सायटेशनं ब-ला देतं, निम्मी क-ला. ब आपली सगळी अ-ला देतं. क निम्मी अ-ला, निम्मी ब-ला. सुरुवातीला प्रत्येकाचं वजन 1 धरा आणि ते वाटून टाका. पहिल्या फेरीनंतर अ-कडे 1.5, ब-कडे 1 आणि क-कडे 0.5 जमतं. आता ही नवी वजनं घेऊन पुन्हा वाटा, मग पुन्हा. आकडे थोडे खालीवर होतात आणि हळूहळू थांबतात: अ 1.33, ब 1, क 0.67, म्हणजे 4:3:2. क-चा वाटा पहिल्या फेरीपेक्षा वाढला, कारण त्याला देणारं जर्नल एकच असलं तरी ते अ आहे. पिन्स्की आणि नारिन यांनी ही कल्पना 1976 मध्ये भौतिकशास्त्राच्या जर्नलांवर वापरली, लीबोविट्झ आणि पामर यांनी 1984 मध्ये अर्थशास्त्राच्या. गूगलच्या संस्थापकांनी 1998 मध्ये याच धर्तीवर वेबपानांचे क्रम लावले, ते सर्वांना ठाऊक आहे.

गणित देखणं आहे, पण ते जर्नल तोलतं, पेपर नव्हे. अँड्र्यू ऑस्वल्ड यांनी 2007 मध्ये अर्थशास्त्रातल्या काही अंकांची 25 वर्षांची सायटेशनं तपासली. मध्यम दर्जाच्या जर्नलमधल्या सर्वांत चांगल्या लेखाने नामांकित जर्नलमधल्या तळाच्या चार लेखांना मागे टाकलेलं दिसलं, तेही अनेकदा मोठ्या फरकाने. वेष्टन पाहून भाव ठरवण्याचा हा धोका. जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा पेपर तीन जर्नलांनी नाकारला होता. 1970 मध्ये चौथ्याने छापला, आणि 2001 चं नोबेल त्यावर आलं.

बरं, मापं अनेक असली तर एकत्र कशी करायची? रेपेक तीसहून जास्त निकषांवर क्रम काढतं, टोकाचे वगळतं आणि उरलेल्यांची हरात्मक सरासरी घेतं. हा शब्द शाळेत ऐकून विसरलेला असतो (प्रत्येक आकड्याने 1 ला भागायचं, त्या भागाकारांची सरासरी काढायची आणि तिने पुन्हा 1 ला भागायचं), पण इथे तो निकाल फिरवतो. समजा एका विभागाचा एका निकषावर पहिला क्रमांक आणि दुसऱ्यावर शंभरावा. दुसऱ्या विभागाचा दोन्हीकडे दहावा. साध्या सरासरीने पहिला 50.5 आणि दुसरा 10, म्हणजे दुसरा कितीतरी पुढे. हरात्मक सरासरीने पहिला 1.98 आणि दुसरा 10. पहिला जिंकला! एका गोष्टीत अव्वल असण्याला ही सरासरी भरघोस बक्षीस देते. यात चूक काही नाही, पण ती निवड आहे. तीन किंवा अधिक पर्यायांचे अनेक क्रम एकत्र करून एक क्रम काढायची, सगळ्या रास्त अटी पाळणारी रीत असूच शकत नाही, हे केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञानेच 1951 मध्ये सिद्ध केलं होतं. त्याच्याच बिरादरीने हे विसरू नये, एवढंच.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 2010 मध्ये पीएच.डी. अभ्यासक्रमांचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं तेव्हा एक आकडा द्यायचंच टाळलं. प्रत्येक अभ्यासक्रमाला ‘अमुक ते अमुक क्रमांकांच्या दरम्यान’ असा पट्टा दिला. पुष्कळांची निराशा झाली. मला मात्र तो प्रामाणिकपणा वाटतो: शिखरावरची पाच-सहा नावं कुठल्याही मापाने जवळपास तीच राहतात, पण तिशी-चाळिशीतल्या दोन विभागांमधलं अंतर मोजण्याच्या चुकीपेक्षाही लहान असतं.

पण मला खरं कुतूहल आहे ते वेगळ्याच निष्कर्षाचं. किम, मोर्स आणि झिंगालेस यांनी आघाडीच्या 25 विद्यापीठांतल्या अर्थशास्त्र आणि वित्त विषयांच्या प्राध्यापकांचा तीन दशकांचा माग काढला. 1970च्या दशकात अशा विभागात असण्याने माणसाचं संशोधन खरोखर वाढत होतं. 1980च्या दशकात तो परिणाम अशक्त झाला आणि 1990च्या दशकात दिसेनासा झाला. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याची जागा दूरच्या सहलेखकाने घेतली, हे त्यामागचं एक कारण. मोठ्या विभागांची सरासरी तरीही वर राहिली, कारण जास्त लिहिणारी माणसं तिथेच गोळा झाली होती. म्हणजे यादी जे मोजते त्यात विभागाने घडवलेलं किती आणि निवडून आणलेलं किती, हे वेगळं करावं लागतं.

आता आपल्या प्राध्यापिकेचा एक्केचाळिसावा पेपर पाहा. कल्पना जुन्या विभागातली, सहलेखक अजून तिथेच. लिहून, नाकारला जाऊन, दुरुस्त होऊन छापून यायला चार वर्षं गेली, आणि तोवर ती नव्या विद्यापीठात तीन वर्षांची जुनी झाली. पेपरवर दोन पत्ते आहेत: तिचा नवा आणि सहलेखकाचा जुना. निम्मा-निम्मा, असं यादी म्हणेल.