तरण तलावातील पाण्याचा रंगबदल व धातूंचे डाग

बंगल्याच्या आवारातील किंवा फार्महाउसवरील खाजगी तरण तलावाचे पाणी लोह, तांबे व मँगनीज या धातूंमुळे रंग बदलते. पुढे हेच धातू तळावर, पायऱ्यांवर आणि टाइल्सच्या सांध्यांत बसून डाग धरतात. रंग आणि डाग या एकाच दोषाच्या दोन अवस्था आहेत. डाग काढण्याची बहुतेक औषधे बसलेला धातू पुन्हा पाण्यात विरघळवतात, त्यामुळे डाग गेला तरी धातू तलावातच असतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ ठिकाणी एकच डाग वर्षातून दोनदा काढला जातो.

घरोघरी तलाव बांधण्याची चाल मुख्यतः अमेरिका व ऑस्ट्रेलियातली. महाराष्ट्रात लोणावळा, कर्जत, अलिबाग या भागांतील आणि गोव्यातील भाड्याच्या बंगल्यांबरोबर हा प्रश्न इकडेही आला. असे तलाव बहुधा बोअर, विहीर किंवा टँकर यांच्या पाण्याने भरतात, आणि दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा या पाण्यातच असते. कोकण-गोव्यातील जांभा हा लोहाची ऑक्साइडे भरपूर असलेला खडक आहे. त्याचा तांबडा रंग त्यांचाच. जमिनीखाली हवेचा स्पर्श नसलेल्या पाण्यात लोह फेरस रूपात विरघळलेले राहते व पाणी नितळ दिसते. तलावात क्लोरीन पडताच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते फेरिक रूपात येते. हे रूप पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. संध्याकाळी काचेसारखे दिसणारे पाणी सकाळी कोऱ्या चहासारखे होते ते यामुळे. बोअरच्या पाण्याची बादली रात्रभर उघडी ठेवली की तळाशी तांबूस साका बसतो. प्रक्रिया तीच, फक्त क्लोरीनमुळे ती झटपट उरकते.

धातूचे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात ७०,००० लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे १ मिलीग्रॅम लोह असले, तर एका भरण्यात ७० ग्रॅम लोह तलावात येते. शिवाय बाष्पीभवनाने पाणी जाते, धातू मागे राहतो. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले, तरी रोज २५० लिटर नवे पाणी व त्यातले लोह आत येते.

तांब्याची गोष्ट वेगळी आहे, ते बहुधा माणूसच आणतो. शेवाळावर उपाय म्हणून मोरचूद टाकण्याची पद्धत जुनी आहे आणि ते काम मोरचूद चोख करते. पण दर खेपेला टाकलेले तांबे पाण्यात साठत जाते. पाणी तापवण्याच्या यंत्रातील तांब्याच्या नळ्या हे दुसरे उगमस्थान. क्लोरीनसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरच्या वड्या आम्लधर्मी असतात. त्या स्किमरमध्ये, म्हणजे पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या कप्प्यात, ठेवल्या आणि पंप बंद राहिला, की तिथे साचलेले आम्लयुक्त पाणी पुढे या नळ्या खाते. आंबट ताक पितळेच्या भांड्यात कळकते, तसाच हा प्रकार. तांब्यामुळे पाणी नितळ हिरवे किंवा निळसर हिरवे होते. सोनेरी केसांवर येणाऱ्या हिरव्या छटेचे खापर क्लोरीनवर फोडले जाते, पण ती छटा तांब्याची असते. काळ्या केसांत ती दिसत नाही, म्हणून आपल्याकडे या तक्रारीला वाव नाही. तांब्याचे डाग निळसर हिरवे ते काळे, लोहाचे पिवळट ते विटकरी आणि मँगनीजचे तपकिरी-काळे असतात. मँगनीज व क्लोरीन यांच्या संयोगाने पाण्याला कधी जांभळट झाकही येते.

निदानाची पहिली पायरी डोळ्यांनी करायची आहे. पाणी रंगीत असूनही तळ स्पष्ट दिसत असेल तर धातूचा संशय घ्यावा. पाणी गढूळ हिरवे आणि भिंती बुळबुळीत असतील तर ते शेवाळ. मात्र लोहाचा साका नुकताच सुटत असेल तर पाणी गढूळ तांबूसही दिसते. हिरवे पाणी म्हणजे नेहमी तांबे नव्हे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव ९ ऑगस्ट रोजी हिरवा झाला. तलावात ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेल्याने क्लोरीनचा प्रभाव नाहीसा झाला आणि शेवाळासारख्या सेंद्रिय वाढीला वाव मिळाला, असे आयोजकांनी नंतर सांगितले. अशा वेळी क्लोरीन वाढवणे योग्य ठरते. धातूच्या बाबतीत नेमके उलटे होते. रंग दिसताच ब्लीचिंग पावडरचा हात सैल सोडला, की विरघळलेला धातूही साका होऊन पृष्ठभागावर बसतो. साधा रंगदोष टिकाऊ डागात बदलण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

डागाची ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. क जीवनसत्त्वाची गोळी डागावर अर्धा मिनिट दाबून घासावी. तेवढी जागा उजळली तर डाग लोहाचा. आम्लाने फिकटतो तो बहुधा तांब्याचा. काळवंडलेले हंडे-कळश्या चिंचेने का उजळतात हे ठाऊक असलेल्याला याचे नवल वाटणार नाही. क्लोरीनने फिकटला तर तो पानाफुलांचा. लोह आणि पाने यांचा मिश्र डागही आढळतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचे सल्फेट) यांच्यापासून काळा रंग करण्याची जी जुनी रीत आहे, तीच क्रिया लोहयुक्त तलावात पडून कुजलेल्या पानांखाली घडते व पानाच्या आकाराचा काळा डाग उमटतो. नेहमीच्या परीक्षण संचात फक्त क्लोरीन आणि सामू (पीएच) कळतो, धातूंसाठी वेगळा संच घ्यावा लागतो. सगळा धातू तळावर बसलेला असला तर तो संचही पाण्यात धातू शून्य दाखवतो. म्हणून तलावाइतकेच भरण्याचे पाणी तपासणे गरजेचे असते.

लोहाच्या डागांवर ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे तेच क जीवनसत्त्व, वापरतात. ते फेरिक लोहाचे क्षपण करून त्याला पुन्हा फेरस, विद्राव्य रूपात आणते. प्रचलित मात्रा १०,००० लिटरला साधारण ६० ते १२० ग्रॅम. वरील आकाराच्या तलावाला ४०० ते ८०० ग्रॅम. आधी क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यावे लागते, कारण क्लोरीन आणि हे आम्ल एकमेकांना खाऊन टाकतात आणि औषध फुकट जाते. पूड तलावभर पसरून पंप चालू ठेवला की डाग अनेकदा तासाभरात फिकटतात. यानंतर धातूला बांधून ठेवणारे फॉस्फोनेट वर्गातील द्रव्य टाकून, क्लोरीन काही दिवसांत थोडेथोडे वाढवत पूर्ववत करतात. सामू ७.२ च्या आसपास ठेवल्यास धातू पुन्हा बसण्याचा धोका कमी होतो. क्लोरीन कमी असेपर्यंत तलावात पोहू देऊ नये. शेवाळही हीच संधी साधते. बांधणारे द्रव्य क्लोरीनमुळे हळूहळू मोडते, त्यामुळे ते वरचेवर घालावे लागते. घालायचे राहिले तर डाग परत आलेच म्हणून समजावे.

धातू खरोखर बाहेर काढायचे मार्ग मोजके आहेत. एक म्हणजे टप्प्याटप्प्याने पाणी बदलणे. पण नवे पाणी त्याच बोअरचे असेल तर ते व्यर्थ. दुसरा, लोह मुद्दाम साका होऊ देऊन तुरटीने तळाशी बसवणे आणि तो गाळ व्हॅक्यूमने थेट बाहेर सोडणे. तुरटीने सामू उतरतो, तो सोडा ॲशने सावरावा लागतो. या दोहोंपेक्षा भरण्याच्या पाण्यालाच हवा देऊन लोह गाळणारा फिल्टर बसवणे शहाणपणाचे. मुख्य खर्च एकदाच होतो.

एकाच जागी पुन्हापुन्हा उमटणारा गोल विटकरी डाग पाण्याचा नसतो. तो काँक्रीटमधील सळईचा किंवा बांधणीच्या तारेच्या टोकाचा गंज असतो. तिथला गिलावा फोडून ते टोक कापावे लागते, कोणतेही औषध तिथे चालत नाही.

तलाव रिकामा करून सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाने धुण्याचा उपाय शेवटचा. त्यात गिलाव्याचा वरचा थरही झिजतो. आम्ल क्लोरीनयुक्त पावडरीला लागल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्हींची भांडी आणि डाव वेगळे ठेवतात. पावसाळ्यात तर तलाव मुळीच रिकामा करू नये. कोकणात भूजल तेव्हा वर आलेले असते आणि आतल्या पाण्याचे वजन नाहीसे झाले की खालच्या दाबाने तलावाचे अख्खे कवच उचलले जाऊ शकते.