चौकोनी तोंड, गोल तोंड : लोफ्टमागचा इतिहास

ब्लोअरचं तोंड चौकोनी आणि पुढचा डक्ट, म्हणजे हवेची नळी, गोल. मधला पत्र्याचा तुकडा कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आरेखनात, काढायला पाच मिनिटंही लागत नाहीत : एका प्लेनवर चौकोन, वरच्या प्लेनवर वर्तुळ, मधे दोन्ही जोडणारी लोफ्ट कमांड. स्क्रीनवर झकास दिसतं. फ्लॅट पॅटर्न, म्हणजे कापण्यासाठीचा सपाट उलगडलेला आकार, मागितला की मात्र सॉफ्टवेअर हात वर करतं. नवशिक्याला वाटतं, आपलंच काही चुकलं. पण लोफ्ट ही कमांड पत्रा उलगडण्यासाठी जन्मलेलीच नाही.

लोफ्ट म्हणजे माळा. जहाजाच्या कारखान्यात प्रशस्त माळ्याच्या जमिनीवर जहाजाचे छेद पूर्ण मापात आखत. लवचीक पट्टी शिशाच्या वजनांनी जागोजाग दाबून धरायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. ही पद्धत पुढे विमानांकडे गेली. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशनमध्ये रॉय लाइमिंग यांनी मस्टँग विमानाच्या वक्ररेषा पट्टीऐवजी शंकुच्छेदांच्या गणिताने बसवल्या. 1960च्या दशकात बोइंगमध्ये फर्ग्युसन, एमआयटीत कून्स, रेनो या मोटार कंपनीत बेझिए यांनी असे पृष्ठभाग संगणकात आणले. सगळ्यांचा ध्यास एकच : पृष्ठभाग गुळगुळीत हवा. मोटारीचा पत्रा डायमध्ये दाबताना ताणला जातोच. तो सपाट उलगडतो का, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही.

तो प्रश्न दुसऱ्याच घराण्यातला. 1772 साली गणितज्ञ ऑयलरने सपाट उलगडता येणाऱ्या पृष्ठभागांवर निबंध लिहिला. गास्पार मोंजनेही त्यांचा अभ्यास केला. हा मोंज फेरीवाल्याचा मुलगा. मेझिएरच्या लष्करी शाळेत उमरावांच्या पोरांबरोबर बसायची सोय नव्हती, म्हणून आरेखक म्हणून लागला. तोफांच्या माऱ्यापासून आडोसा देणाऱ्या किल्ल्याची आखणी त्याने इतक्या लवकर करून दिली, की अधिकारी आधी तपासायलाही तयार होईना. ती रीत लष्करी गुपित म्हणून बरीच वर्षं दडवून ठेवली गेली. 1795मध्ये पॅरिसमधल्या व्याख्यानांतून ती उघड झाली. डिप्लोमाला आपण जे प्लॅन-एलेव्हेशन गिरवतो, ते तिथून आलं. 1827मध्ये गाउसने कारण सांगितलं : पृष्ठभागाच्या एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन मुख्य वाकांचा गुणाकार, म्हणजे गाउस-वक्रता, न ताणता वाकवल्याने बदलत नाही, म्हणून सपाट व्हायचं तर ती मुळातच शून्य हवी. आपल्या लोफ्टमध्ये साधारणपणे खोगिरासारखा किंचित पीळ असतो. घोडं तिथेच अडतं.

पत्र्याच्या कारागिराची युक्ती या पिळाला जागाच ठेवत नाही. चौकोनाच्या प्रत्येक बाजूवर एक सपाट त्रिकोण उभा राहतो, त्याचं टोक वर्तुळावर. प्रत्येक कोपऱ्यातून तिरक्या शंकूचा तुकडा निघतो. चार त्रिकोण, चार शंकू, आठही उलगडणारे. मग वर्तुळाचे बारा भाग करायचे आणि कोपऱ्यापासून प्रत्येक बिंदूची खरी लांबी काढायची. 400 मिमीचा चौकोन, 300 व्यासाचं वर्तुळ, उंची 250, दोन्ही एकाच अक्षावर, असं धरलं तर सममितीमुळे फक्त दोन लांब्या लागतात : 324 आणि 288. बाजूच्या मध्यावर सीम, म्हणजे पत्र्याचा जोड, घेतली तर तिची 255. बाकी काम कंपासचं. एक मेख मात्र आहे. बारा भागांच्या सरळ जीवा जोडल्या तर परीघ 942ऐवजी 932 भरतो आणि गोल तोंडाचा व्यास सुमारे 3.4 मिलिमीटरने आखडतो. म्हणून जाणकार कंपासात जीवा नव्हे, चापाची लांबी धरतो.

1995मध्ये सॉलिडवर्क्स हे कॅड सॉफ्टवेअर आलं आणि लहान वर्कशॉपच्याही आवाक्यात सॉलिड मॉडेलिंग आलं. पत्र्यासाठी मग वेगळी कमांड करावी लागली, सॉलिडवर्क्समध्ये ‘लोफ्टेड बेंड’, इन्व्हेंटर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लोफ्टेड फ्लँज’. लोफ्टेड बेंडच्या अटी पाहिल्या की कारागीर ओळखू येतो : दोन्ही स्केच बंद नकोत, सीमसाठी फट सोडा, कोपऱ्यांना थोडी त्रिज्या द्या. पुढे प्रेस ब्रेकसाठी, म्हणजे पत्रा सरळ रेषेत वाकवणाऱ्या यंत्रासाठी, शंकूच्या जागी सपाट पट्ट्या पाडायचा पर्याय आला. त्यात कोपऱ्यागणिक किती बेंड हवेत, असा एक रकाना आहे. कोपऱ्यागणिक तीन पट्ट्या पडल्या की वर्तुळाचे तेच बारा भाग होतात, आणि जीवेचा तोच हिशेब पुन्हा पुढ्यात येतो.