‘ली’ दिसला की क्रियाविशेषण?

परीक्षा जवळ आली की मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूत्र फिरू लागतं: इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘ली’ (-ly) असेल तर तो क्रियाविशेषण. ‘क्विकली’, ‘स्लोली’पर्यंत ते बरोबर उतरतं. पण ‘फ्रेंडली’, ‘लोनली’, ‘सिली’ ही विशेषणं आहेत आणि ‘फॅमिली’ तर चक्क नाम. उलट ‘सून’, ‘ऑफन’, ‘नेव्हर’ यांना ‘ली’ नाही, तरी ती क्रियाविशेषणंच. शब्दाची जात ठरते ती त्या वाक्यातल्या त्याच्या कामावरून.

दादरच्या फलाटावर सतत कानी पडणारा ‘फास्ट’ घ्या. ‘अ फास्ट लोकल’ आणि ‘द लोकल रन्स फास्ट’. रूप तेच, जात वेगळी. ओळखायचं कसं? ‘फास्ट’ काढून तिथे असा शब्द बसवायचा, ज्याची दोन रूपं वेगळी दिसतात: ‘क्विक’ आणि ‘क्विकली’. ‘अ क्विक लोकल’ जमतं, ‘अ क्विकली लोकल’ जमत नाही, म्हणजे तो ‘फास्ट’ विशेषण. ‘रन्स’च्या पुढे मात्र ‘क्विकली’ लागतं, म्हणून तिथला ‘फास्ट’ क्रियाविशेषण. ‘व्हेरी’ लावून बघण्याचा उपयोग नाही, कारण ते दोघांच्याही आधी येतं. आणि सरसकट ‘ली’ चिकटवू नका. ‘शी वर्क्स हार्ड’ म्हणजे ती खूप मेहनत करते. ‘शी हार्डली वर्क्स’ म्हणजे ती जवळजवळ कामच करत नाही.

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘गुड’पाशी. आपण ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’ म्हणतो. ‘चांगला’ सांगतो गाण्याबद्दल, पण विशेषणासारखा कर्त्याप्रमाणे बदलतो. त्याच सवयीने ‘शी सिंग्ज गुड’ तोंडून निघतं. तिथे ‘वेल’ हवं. मग ‘द वडा टेस्ट्स गुड’ बरोबर कसं? क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून बघा. ‘द वडा इज गुड’ म्हटलं तरी अर्थ फारसा हलत नाही. गुण वड्याचा आहे. ‘शी इज गुड’ म्हटलं की गाणंच नाहीसं होतं. एकच क्रियापद दोन्हीकडे जाऊ शकतं: ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली, ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द टीसी’ म्हणजे तिने टीसीकडे रागाने पाहिलं.

संगणकालाही नुसता शब्द पुरत नाही. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून ‘ब्राउन कॉर्पस’ हा सुमारे १० लाख शब्दांचा संग्रह उभा राहिला आणि पुढे त्यातल्या शब्दाशब्दाला जातीची खूण लावली गेली. अशा संग्रहांवर शिकलेले प्रोग्राम शेजारचे शब्द बघून अंदाज बांधतात. ‘अ डेली पेपर’मध्ये ‘डेली’च्या पुढे नाम आहे, ‘द पेपर कम्स डेली’मध्ये मागे क्रियापद. ‘आठ दिवसांत इंग्रजी’वाल्यांच्या पाठांतराच्या याद्यांमधून नेमका हा शेजारच गायब असतो.